मोटारीचा जॅक आणि त्याची जागा



मोटारीविषयीं बोलण्यास एका निवृत्त शाळामास्तरास कां बोलाविलें, असा प्रश्न आपल्यापैकीं कित्येकांच्या मनांत आला असेल. तो माझ्याही मनांत आला होता. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. पुढें अध्यापनाचा वर्ग केला आणि सारी उमर प्राथमिक शाळांच्या फळ्यापुढें गेली. यंत्रशास्त्र मी पुस्तकांतून शिकलों नाहीं. परंतु माझें बालपण एका मोटारीच्या सहवासांत गेलें, तिच्या एका हत्याराची जागा मीं चुकविली, आणि त्याचें मोल दुसऱ्यास द्यावें लागलें. तेवढ्याच अधिकारानें आज मी आपल्याशीं चार शब्द बोलणार आहें.

गेल्या दिवाळीच्या सुमारास माझ्या पुतण्याचा दूरध्वनि आला. माझे चुलते, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणत असूं, त्यांची जुनी पिकअप त्यानें गोठ्यामागून बाहेर काढून दुरुस्तीस घेतली आहे. पिकअप म्हणजे पुढें दोघांतिघांस बसण्याची बंद खोली आणि मागें उघडा हौदा असलेली मालाची लहान मोटार. पुतण्या म्हणाला, "काका, आसनाखालीं एक गंजलेली लोखंडी पट्टी निघाली आहे. तिला एक आंकडा आहे आणि शेजारीं दोन भोकें आहेत. मिस्त्री म्हणतात, ही निरुपयोगी आहे, कापून तळ साफ करूं. तुम्ही ह्या गाडींत बसत होतां. तुम्हांला कांहीं आठवतें का?"

मला सर्व आठवत होतें. मीं त्यास म्हटलें, "बाळ, मी येईपर्यंत त्या पट्टीस कोणाला हात लावूं देऊं नकोस."

ही गाडी १९५१ सालची शेव्हरोले. त्या वेळीं जनरल मोटर्स कंपनीचा मोटारी जोडण्याचा कारखाना मुंबईस शिवडी येथें होता. तो १९२८ सालीं निघाला आणि १९५४ सालीं बंद झाला. आमच्या नगर जिल्ह्यास (आतां त्याचें नांव अहिल्यानगर झालें आहे, परंतु माझी जीभ अजून जुन्या वळणावर जाते, त्याची क्षमा असावी) ह्या कुळीची मोटार नवी नव्हती. १ जून १९४८ रोजीं पुणें-नगर रस्त्यावर राज्य परिवहनाची पहिली मोटार धांवली, आणि त्या सेवेच्या आरंभींच्या ताफ्यांत फोर्डसन, बेडफर्ड, स्टुडबेकर यांच्याबरोबर शेव्हरोलेही होत्या. अण्णांनीं ही पिकअप दुसऱ्याच्या हातची घेतली होती. तींतून लिंबें, कांदे, कडबा, प्रसंगीं वऱ्हाडही जात असे.

आतां मुख्य गोष्टीकडे वळतों. मोटारीचें चाक बदलावयाचें म्हणजे चार वस्तु लागतात. गाडी उचलण्यास जॅक. तो फिरविण्यास लांब दांडी, जिला आमच्याकडे टॉमी म्हणतात. चाकाचे नट सोडण्यास पाना. आणि मागल्यापुढल्या चाकांस लावण्यास दगड किंवा लांकडाचे ठोकळे. पांचवी वस्तु म्हणजे हवा भरलेली स्टेपनी. तिची आठवण सर्वांना असते, कारण ती डोळ्यांना दिसते. पहिल्या चारांपैकीं एखादी नसली तर ती रात्रीं, भर रस्त्यांतच आठवते.

अण्णांचा जॅक आट्यांचा होता. त्याच्या पोटांतला जाड आट्यांचा खांब दांडीच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर थोडा थोडा वर येई. एका फेऱ्यास गाडी जेमतेम धान्याच्या दाण्याएवढी उचलली जाते, आणि म्हणूनच एकटा माणूस दीड टनाची गाडी उचलूं शकतो. परंतु हें सामर्थ्य केवळ जॅकाच्या पोटांत नसून दांडीच्या लांबींतही आहे. दांडी नसेल तर जॅक म्हणजे केवळ लोखंडाचा ओबडधोबड ठोकळा. हें मी शिकलों तें कसें, तें सांगतों.

१९७३ चा मार्च महिना होता. १९७२ च्या दुष्काळाचें वर्ष अजून सरलें नव्हतें. विहिरी कोरड्या, माणसें दुष्काळी कामांवर, रेशनवर परदेशी मिलो. मी बारा वर्षांचा होतों. आमच्या मळ्यांत एक चिंचेचें झाड होतें आणि त्या वर्षीं आम्हां पोरांना फुकट मिळेल असें खाण्यास तेवढेंच उरलें होतें. उंच फांदीवरचे आंकडे पाडण्यास काठी पुरेना, म्हणून मीं गाडीच्या आसनाखालची टॉमी काढली. लोखंडी, वजनदार, हातांत धरण्यास सुरेख! चिंचा पाडल्या, खाल्ल्या, आणि टॉमी झाडाखालींच राहिली.

त्याच दुपारीं अण्णा कडबा आणण्यास नगरला निघाले आणि मीही हट्टानें त्यांच्याबरोबर गेलों. परततांना रात्र झाली. करंजीच्या घाटांत एका वळणावर मागचें डावें चाक फुटलें. अण्णांनीं गाडी कडेला घेतली, चाकांस दगड लावले आणि आसन उचलून अंधारांतच हात आंत घातला. त्यांना कंदिलाची गरज नसे. कोणतें हत्यार कोठें आहे तें त्यांच्या बोटांना ठाऊक होतें. जॅक मिळाला. पाना मिळाला. आंकड्यांत टॉमी नव्हती.

"टॉमी कुठें गेली रे?" त्यांनीं विचारलें.

मीं "ठाऊक नाहीं" म्हणून सांगितलें.

अण्णांनीं पान्यानेंच जॅक फिरवून पाहिला. भार येईपर्यंत आटे फिरले आणि भार येतांच थांबले. मग त्यांनीं रस्त्याच्या कडेचें एक बाभळीचें लांकूड आणून तरफ केली, खालीं दगडांचा ढीग रचला, मला लांकडावर बसविलें आणि स्वतः आंसाखालीं दगड सरकवूं लागले. ढीग ढासळला. त्यांच्या डाव्या हाताचीं दोन बोटें आंस आणि दगड यांच्यामध्यें सांपडलीं. वाटेनें येणाऱ्या एका बैलगाडीवानानें आणि मीं मिळून लांकूड पुन्हां दाबलें तेव्हां हात सुटला. त्या बोटांचीं शेवटचीं पेरें पुढें काढावीं लागलीं.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं टॉमी झाडाखालून आणून जागच्या जागीं ठेविली. घाटांतली गाडी घरीं आणल्यावर, हाताला पट्टी बांधलेल्या स्थितींत, अण्णांनीं आसन उचलून पाहिलें. आंकड्यांत टॉमी होती. ते बराच वेळ तिच्याकडे पाहत उभे राहिले. मला कांहीं विचारलें नाहीं. पुढेंही कधीं विचारलें नाहीं. मात्र आठवड्याभरांत त्यांनीं बंद पडलेल्या मोटेच्या चामड्याचा एक पट्टा कापून आसनाखालीं बसविला आणि त्याला बंद लावला. त्यानंतर गाडी बाहेर काढण्यापूर्वीं ते मला आसनाखालीं हात घालून प्रत्येक हत्याराचें नांव घेण्यास सांगत. शाळेंत हजेरी घेतांना मला त्याची नेहमीं आठवण होई.

तर अशा गाडीचा जॅक ठेवावा कोठें? पहिला नियम असा कीं, हौद्यांत ठेवूं नये. हौद्यांत माल भरला कीं हत्यारें तळाशीं जातात आणि चाक फुटल्यावर आधीं कडबा उतरवावा लागतो. शिवाय पावसाचें पाणी हौद्यांतच सांचतें. दुसरें, आसनामागें मोकळा टाकूं नये. १९४९ पासून ह्या जातीच्या शेव्हरोलेंत पेट्रोलची टांकी आसनामागें, बसण्याच्या खोलींतच बसविलेली असते. मोकळा जॅक खड्ड्याखड्ड्यास टांकीच्या पत्र्यावर आपटत राहिला तर काय होईल, तें मीं सांगण्याची आवश्यकता नाहीं. आणि पायांपुढें तर मुळींच ठेवूं नये. घरंगळून ब्रेकच्या पायदांडीखालीं आलेला लोखंडाचा तुकडा हा शत्रूच होय.

कारखान्यानें ह्या गोष्टींचा विचार केलेला असतो. ती गंजलेली पट्टी, तो आंकडा, ते भोक हें सर्व त्या विचाराचें उरलेलें लेखन आहे. जुनी गाडी उघडतांना तें वाचतां आलें पाहिजे. तळ घासण्यापूर्वीं त्याचीं छायाचित्रें घ्यावींत. जेथें मूळ रंग घासला जाऊन पत्रा चकचकीत झाला आहे तेथें कांहीं तरी वर्षानुवर्षें टेकत होतें असें समजावें. जेथें रंग आजही ताजा आहे तेथें कांहीं तरी झांकलेलें होतें. अमेरिकेंत ह्या मोटारींच्या जोडणीच्या मूळ पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या विकत मिळतात, त्याही पाहाव्या. परंतु तीं पुस्तकें डाव्या बाजूस चक्र असलेल्या गाड्यांचीं, आणि आपल्या गाड्यांचें चक्र उजवीकडे, हें विसरूं नये. आमच्या गाडींत हत्यारें चालकाच्या डाव्या हाताच्या आसनाखालीं असत.

नगरकर श्रोत्यांना मी आणखी एक शाळा सुचवितों. आपल्या शहरांत फराहबागेजवळ १९९४ पासून रणगाड्यांचें संग्रहालय आहे. बहुतेक लोक तेथें तोफांचीं तोंडें पाहून परत येतात. पुढच्या खेपेस रणगाड्यांच्या अंगावर बाहेरून ठोकलेले लहान आंकडे, पट्टे आणि कड्या पाहा. फावडें, कुऱ्हाड, पहार, दोर अशा वस्तूंची जागा अशीच ठरलेली असते. आंत माणूस अंधारांत, धुरांत, घाईंत असतो. शोधाशोध करण्यास त्याला वेळ नसतो. दुसऱ्या महायुद्धांतील विलीस जीपच्या मागच्या दोन कोपऱ्यांतही झांकणाच्या हत्यारपेट्या आहेत, त्या ह्याच विचारानें.

आतां ठेवण्याची रीत. आट्यांचा जॅक पूर्ण खालीं उतरवूनच ठेवावा, म्हणजे आटे आंत झांकले जातात. प्रथम रॉकेल आणि ताठ ब्रशानें जुनें, कडक झालेलें वंगण काढावें. त्यांतली वाळू राहिली तर आटे झिजतात. मग आट्यांवर पातळसें नवें वंगण द्यावें. जॅकाचा तळ आणि माथा मात्र कोरडे पुसावेत, कारण वंगणावरून आंस घसरतो. टॉमीही कोरडीच हवी. रंग देण्याचा मोह आवरावा. आमच्या पुतण्याच्या मिस्त्रीनें पाना आटे-दांत्यांसकट रंगविला होता, आणि मग तो नटावर बसेना!

जॅकाखालीं काथ्या किंवा पोत्याचा तुकडा घालूं नये; तो दमट हवा शोषून धरतो आणि लोखंड खालून खातो. ताडपत्रीचा तुकडा बरा. चामड्याचा पट्टा असेल तर वर्षांतून एकदां तेल द्यावें. पट्टी कानाच्या नटानें आंवळावी आणि पहिले दहापंधरा मैल गेल्यावर गाडी थांबवून पुन्हां आंवळावी, कारण नवा बसविलेला नट हादऱ्यांनीं सैल होतोच. मग हातानें हलवून पाहावें. खडखडाट ऐकूं आला तर जागा अजून नीट झालेली नाहीं.

आजकाल पुष्कळजण तेलाचा जॅक बाळगतात. त्यास माझी हरकत नाहीं. उलट जुनी गाडी रस्त्यावर न्यावयाची असेल तर एक चांगला नवा जॅक बरोबर असलाच पाहिजे. सत्तरपंचाहत्तर वर्षांच्या आट्यांवर जीव टाकूं नये. परंतु तेलाचा जॅक उभाच ठेवावा, त्याचा दट्ट्या पूर्ण खालीं असावा. आडवा पडून राहिल्यास तेल झिरपतें, आंत हवा शिरते, आणि तो ऐन वेळीं उचलत नाहीं. त्याच्यासाठीं निराळी जागा करावी. जुन्या आंकड्यांत त्यास कोंबण्याकरितां आंकडा वांकवूं नये. आणि जॅक कोणताही असो, केवळ त्याच्या भरंवशावर गाडीखालीं शिरूं नये. खालीं लोखंडी घोडी लावावी.

आमचा मूळ जॅक कोठें होता म्हणून विचाराल, तर गोठ्याच्या मोडक्या तुळईखालीं टेकू म्हणून उभा होता! बावीस वर्षें त्यानें तो भार मुकाट्यानें वाहिला. तुळईस दुसरा खांब देऊन आम्हीं तो काढला, रॉकेलांत दोन दिवस बुडविला आणि टॉमी लावली. टॉमी आंकड्यांतच होती. फेरा सहज फिरला. मोटेच्या चामड्याचा पट्टाही मिळाला, पण तो सुकून लांकडासारखा झाला होता; पुतण्यानें त्याच मापाचा नवा करून घेतला आणि जुना जपून ठेविला.

पुतण्यानें लहानपणापासून आजोबांचीं तीं अर्धीं बोटें पाहिलीं होतीं. घाटांत गाडी घसरली, एवढेंच त्यास ठाऊक होतें. आम्ही दोघे गाडीच्या तळाशीं बसून पट्टी घट्ट करीत असतां मीं त्यास चिंचेच्या झाडाची गोष्ट सांगितली. ती मीं अण्णांना त्यांच्या हयातींत सांगितली नाहीं. तो कांहीं बोलला नाहीं. त्यानें नट पुन्हां एकदां आंवळून पाहिला.

आतां एक अडचण उरली आहे, आणि तिच्याकरितां मी श्रोत्यांचें साहाय्य मागतों. आंकड्याशेजारच्या दोन भोकांपैकीं एकांत जॅकाच्या पट्टीचा बोल्ट बसतो. दुसऱ्यांत काय बसत होतें तें मला आठवत नाहीं. माझ्या वेळीं तें रिकामेंच होतें. आपल्यापैकीं कोणाच्या वाड्यांत, मळ्यांत १९४९ ते १९५३ च्या दरम्यानची शेव्हरोले पिकअप उभी असेल, तर कृपा करून तिचें डावें आसन उचलून पाहावें, आणि तेथें कांहीं आढळल्यास आकाशवाणीच्या पत्त्यावर दोन ओळी लिहाव्या. पट्टी कापण्यापूर्वीं लिहाव्या.