फोनची भाषा कोणती?

दौंडच्या माणसाला ‘प्लॅटफॉर्म’ हा शब्द शिकवावा लागत नाहीं. पुणें, सोलापूर, मनमाड आणि बारामती अशा चार दिशांना जेथून लोहमार्ग फुटतात, त्या गांवीं फलाट हें रोजच्या व्यवहाराचें स्थान आहे. १९१४ सालीं दौंडहून बारामतीस जी आगगाडी सुरू झाली तिचे रूळ अडीच फुटांच्या अंतराचे होते; मुख्य मार्गाचे रूळ साडेपांच फुटांचे. बारामतीकडील डबा मुख्य मार्गावर जाऊं शकत नसे, म्हणून पुढें जाणारा माल दौंडला उतरवून दुसऱ्या गाडींत भरावा लागे. पोतें फाटण्याचा आणि मोजणी चुकण्याचा संभव धांवत्या गाडींपेक्षां अशा बदलींतच अधिक. एकविसाव्या शतकाच्या आरंभीं बारामतीचा मार्गही रुंद झाला आणि ती अडचण मिटली.

संगणकाच्या जगांत मात्र रुळांच्या रुंदीचा हा प्रश्न अद्याप मिटलेला नाहीं. तेथें ‘प्लॅटफॉर्म’ म्हणजे ज्या मूळ व्यवस्थेवर यंत्र चालतें ती व्यवस्था. कोणाच्या हातीं अँड्रॉइडचा फोन असतो, कोणाच्या हातीं आयफोन. आणि ज्या दूरच्या यंत्रांत सर्वांच्या नोंदी सांठविल्या जातात त्याची तऱ्हा आणखी तिसरीच. ॲप तयार करणाऱ्याची स्वाभाविक इच्छा अशी कीं, आज्ञावली एकदांच लिहावी आणि ती सर्वत्र चालावी. १९९५ सालीं जावा ही संगणकभाषा हेंच आश्वासन देऊन पुढें आली. २०१५ सालीं फेसबुकनें रिॲक्ट नेटिव्ह आणि २०१८ च्या अखेरीस गूगलनें फ्लटरची पहिली पक्की आवृत्ति त्याच हेतूनें लोकांपुढें ठेवली. हें आश्वासन पुष्कळ अंशीं खरें ठरलें आहे. जेथें तें फसतें, तेथें तें माल बदलण्याच्या फलाटावर फसतें. म्हणजे एका यंत्रानें लिहिलेलें दुसरें यंत्र वाचूं लागतें त्या ठिकाणीं.

श्रोत्यांपैकीं अनेकांना हा विषय आपल्या घराबाहेरचा वाटेल. परंतु १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांतील शेतकरी आपल्या पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपमधून स्वतःच्या फोननें करूं लागला, ही गोष्ट लक्षांत घ्यावी. त्या ॲपमध्यें पुढें वर्णिलेला दोष आहे असें सुचविण्याचा येथें मुळींच हेतु नाहीं. सांगावयाचें तें इतकेंच कीं, सातबाराच्या उताऱ्यापर्यंत फोनची वाट पोंचली आहे, आणि त्या वाटेवर सांडलेला एक अंक म्हणजे कोणाच्या तरी घरचें धान्य आहे.

भीमेच्या एका अंगाला शिरूर तालुका, दुसऱ्या अंगाला दौंड. तिकडे कांदा, इकडे ऊस. या दोन्ही तालुक्यांतील मुलें पुण्यास शिकून आतां ॲप लिहूं लागलीं आहेत. समजा, शिरूरच्या एका तरुणानें कांद्याच्या व्यापाऱ्याकरितां गोण्यांची मोजदाद ठेवणारें ॲप केलें. त्याच्या दौंडच्या वर्गमित्रानें त्याच आज्ञावलीचा सांगाडा घेऊन उसाच्या वजनाची नोंद ठेवणारें दुसरें ॲप उभें केलें. शिरूरकडे सर्व सुरळीत चाललें. दौंडकडे शेतकऱ्यानें वजन लिहितांच ॲप बंद पडूं लागलें; आणि तेंही कधीं पडे, कधीं न पडे. करणाऱ्यानें स्वतःच्या फोनवर शंभरदां करून पाहिलें, एकदांही चूक आढळली नाहीं. अशा वेळीं या धंद्यांतील जगप्रसिद्ध उत्तर ठरलेलें असतें : “माझ्याकडे तर चालतं रे!” मग फोन जुना असेल, रेंज नसेल, शेतकऱ्यानें भलतीकडे बोट लावलें असेल, असे तर्क सुरू होतात. दोष आज्ञावलींत नसून माणसांत आहे असें मानण्याची ही संवय साऱ्याच कारागिरांना असते. यांनाच तेवढा दोष देणें योग्य नव्हे.

शेवटीं शिरूरचा मित्र विचारतो, “अरे, त्या माणसाच्या फोनची भाषा कोणती आहे?”

येथें उलगडा होतो. दौंडच्या शेतकऱ्याचा फोन मराठींत आहे. ॲप करणाऱ्याचा इंग्रजींत. फोनला मराठी भाषा लावली कीं, अँड्रॉइडवरील जावाची नेहमींची रीत संख्या छापतांना देवनागरी अंक वापरते, आणि साडेबारा टन हें ‘१२.५’ असें आपल्या अंकांत उमटतें. निरनिराळ्या भाषांच्या चालीरीतींचीं जीं आंतरराष्ट्रीय कोष्टकें हीं यंत्रें वापरतात, त्यांत मराठीचे रूढ अंक देवनागरी म्हणून नोंदले आहेत. हिंदीकरितां मात्र त्याच कोष्टकांत इंग्रजी वळणाचे अंक गृहीत धरले आहेत. म्हणून दिल्लीच्या परीक्षकानें आपला फोन हिंदींत ठेवून तपासणी केली, तर त्याला हा दोष दिसणारच नाहीं. देवनागरी लिपि तपासली म्हणजे मराठी तपासली, ही समजूत किती फोल आहे याचा याहून सरळ दाखला मिळणें कठीण.

आतां प्रश्न उरतो तो असा कीं, शिरूरच्या व्यापाऱ्याचा फोनही मराठींतच असतां त्याचें ॲप कां अडलें नाहीं? याचें उत्तर मोठें मौजेचें आहे. जावामध्यें पूर्णांक वाचणारी रीत कोणत्याही लिपींतील अंक ओळखते. ‘२४’ तिला देवनागरींतही कळतात. दशांश वाचणारी रीत मात्र केवळ इंग्रजी अंकच जाणते. ‘१२.५’ पुढें आलें कीं ती हात टेकते आणि ॲप बंद पडतें. शिरूरला गोण्या मोजावयाच्या, त्या नेहमीं पूर्णांक. दौंडला टन मोजावयाचे, त्यांत अपूर्णांक आलाच. ज्या दिवशीं गाडी नेमकी बारा टनांची भरे आणि दशांश लिहिण्याची गरज पडत नसे, त्या दिवशीं दौंडलाही सर्व ठीक चाले. ‘कधीं पडे, कधीं न पडे’ याचा अर्थ तो हा. यंत्रें लहरी नसतात. त्यांचा नियम आपणांस ठाऊक नसला म्हणजे तीं लहरी दिसतात.

उपाय दोन ओळींचा आहे. जी संख्या माणसानें वाचावयाची ती त्याच्या भाषेंत छापावी. जी यंत्रानें वाचावयाची ती भाषानिरपेक्ष ठराविक रूपांत लिहावी. जावामध्यें त्या रूपाला ‘लोकेल रूट’ असें नांव आहे. उलट दिशेनेंही हेंच पथ्य : माणसानें मराठी अंकांत लिहिलेलें दशांश वाचण्यापूर्वीं ते अंक बदलून घ्यावेत. हें न करतां कांहीं जण शेतकऱ्यालाच फोनची भाषा इंग्रजी करावयास सांगतात. तो उपाय नव्हे. ज्यानें आपल्या भाषेंत फोन घेतला त्याला त्याबद्दल दंड करण्याचा तो प्रकार आहे.

अंकांची ही कथा, तर अक्षरांची याहून सरस. ‘शिरूर’ या शब्दांत अक्षरें किती, असें मराठी पहिलींतल्या मुलास विचारलें तर तो तीन सांगेल. स्विफ्ट ही आयफोनची संगणकभाषाही तीनच सांगते. जावा, किंवा फ्लटरची डार्ट, हिला विचारलें तर उत्तर येतें पांच. कारण श, पहिली वेलांटी, र, दुसरा उकार आणि र या प्रत्येकाला युनिकोडच्या सर्वमान्य कोष्टकांत स्वतंत्र क्रमांक आहे. दूरच्या यंत्रांतील नोंदवही जर बाइटांत मोजत असेल, तर ती म्हणते पंधरा. कारण यूटीएफ-८ या रूढ पद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक क्रमांकाला तीन बाइट लागतात. ‘दौंड’चा हिशेब असाच दोन, चार आणि बारा. तिघेही खरें बोलतात, फक्त प्रत्येकाचें माप निराळें. पूर्वीं गांवोगांवचीं मापें निराळीं असत तसें.

यांतून घोटाळा कसा होतो तें पाहावें. नोंदवहींत गांवाच्या नांवाकरितां दहांची जागा ठेवली. आयफोनवरील ॲप म्हणतें, तीनच अक्षरें आहेत, खुशाल मावतील. अँड्रॉइडवरील म्हणतें, पांच आहेत, मावतील. वही मात्र दहा बाइट मोजून पुढचें तोडते. नऊ बाइटांत ‘शिर’ एवढें बसतें आणि दहावा बाइट दीर्घ उकाराचा एक तृतीयांश तुकडा असतो. त्या तुकड्याला अर्थ नसल्यामुळें तेथें चौकटींतलें प्रश्नचिन्ह उमटतें. म्हणजे शिरूरचें शिर तेवढें शिल्लक राहतें! इंग्रजी स्पेलिंगनें तपासणाऱ्याला हें कधींच दिसत नाहीं, कारण तेथें तिन्ही मापें एकच उत्तर देतात. याच कारणास्तव फोनवरील साध्या एका संदेशांत इंग्रजीचीं १६० चिन्हें मावतात आणि मराठीचीं अवघीं ७०. मराठींत निरोप धाडणाऱ्या संस्थेस एकाच मजकुराबद्दल दुप्पट किंवा तिप्पट संदेश खर्चीं घालावे लागतात, आणि मग ती मराठी इंग्रजी लिपींत लिहूं लागते. याला भाषाभिमानाचा अभाव म्हणण्यापूर्वीं हें गणितही पाहावें.

जोडाक्षरांत आणखी एक पीळ आहे. दौंडजवळ भीमेपलीकडे सिद्धटेक आहे. ‘सिद्धटेक’ हीं आपल्या दृष्टीनें चार अक्षरें. युनिकोडच्या नियमांप्रमाणें मात्र ‘द्’ आणि ‘ध’ हीं निराळीं मोजलीं जात, आणि उत्तर पांच येई. २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तींत हा नियम सुधारला गेला, आणि देवनागरीचें जोडाक्षर एक म्हणून गणलें जाऊं लागलें. पण जुन्या फोनांत जुनाच नियम बसलेला असतो. म्हणजे एकाच कंपनीचे दोन फोन, एकच ॲप, एकच गांव. आणि मोजणी दोन. अशा ठिकाणीं मोजणीवर कोणताही निर्णय सोपवूं नये, हाच शहाणपणा. फ्लटरमध्यें माणसाच्या दृष्टीनें अक्षरें मोजावयाचीं असल्यास ‘कॅरॅक्टर्स’ या नांवाचा जोडग्रंथ तयार मिळतो, तो वापरावा.

आणि ज्याची एवढी चर्चा, तो ‘ॲप’ हा शब्दच दोन रीतींनीं लिहिला जातो. १९८८ सालीं भारतीय लिपींकरितां जी सांकेतिक मांडणी ठरली, तिच्या आधारें युनिकोडमध्यें देवनागरीची मांडणी झाली. मराठीला हवा असलेला ‘ॲ’ हा स्वतंत्र स्वर तींत नव्हता. लोक ‘अ’ काढून त्यावर अर्धचंद्र देत : ‘अॅप’. २००८ सालीं युनिकोडनें या स्वराला ०९७२ हा स्वतःचा क्रमांक दिला. डोळ्यांना दोन्ही रूपें सारखीं दिसतात. यंत्राला तीं अगदीं भिन्न आहेत, आणि दोहोंना समान मानण्याचा नियमही कोष्टकांत नाहीं. एकानें पहिल्या रीतीनें नोंद केली आणि दुसऱ्यानें दुसऱ्या रीतीनें शोध घेतला, तर नोंद ‘सांपडत नाहीं’. ‘कऱ्हा’ नदीच्या नांवांतील ‘ऱ्ह’ची तीच गत, तोही दोन प्रकारें साधतां येतो. यावर उपाय एकच : नोंद करतांना आणि शोधतांना, दोन्ही वेळां, मजकूर आधीं एका ठराविक रूपांत आणून घ्यावा. (एवढें करूनही बीड जिल्ह्यांत शिरूर कासार आणि लातूर जिल्ह्यांत शिरूर अनंतपाळ आहेच. तेथें कोष्टकाचा इलाज चालत नाहीं, जिल्हाच विचारावा लागतो.)

आतां या कारागिरांच्या परस्पर साह्याविषयीं. पूर्वीं वैद्य आपली मात्रा आणि आचारी आपला मसाला लपवून ठेवी. या धंद्यांत रीत उलट आहे. सांपडलेली युक्ति चारचौघांत सांगतात, कारण उद्यां आपणही अडणार हें प्रत्येकास ठाऊक असतें. परंतु साह्य मिळण्याकरितां प्रश्न नीट विचारतां आला पाहिजे, आणि नेमकें तेंच थोड्यांना साधतें. “ॲप बंद पडतं, काय करूं?” या प्रश्नाला धन्वंतरीही उत्तर देऊं शकणार नाहीं. “गणित चुकलें” म्हणणाऱ्या मुलाला गुरुजी “पाटी दाखव” म्हणतात, तें उगीच नव्हे. चूक उत्तरांत दिसते पण असते ती मधल्या पायरींत. दौंडच्या तरुणानें जर असें विचारलें असतें कीं, “मराठी भाषा लावलेल्या अँड्रॉइड फोनवर १२ लिहिलें तर चालतं, १२.५ लिहिलं तर बंद पडतं; इंग्रजी लावली तर दोन्ही चालतात,” तर उत्तर त्या प्रश्नांतच पडलेलें होतें. हें वाक्य तयार करावयास मात्र शेतकऱ्याच्या ओसरीवर जाऊन, त्याचा फोन हातीं घेऊन, तासभर बसावें लागतें. फोनवर विचारून तें कळत नाहीं. आपल्या फोनला भाषा असते हेंच पुष्कळांना सांगतां येत नाहीं.

दुसरी अडचण भाषेचीच. या युक्त्या बहुतेक इंग्रजींत लिहिलेल्या असतात, आणि लिहिणाऱ्याला मराठी अंकांचा त्रास कधीं झालेला नसतो. अरबी अंकांविषयीं लिहिलेलें पुष्कळ आढळेल, कारण तिकडे हाच दोष फार पूर्वीं लोकांच्या लक्षांत आला. मराठीचा दोष मराठी माणसानेंच नोंदला पाहिजे, आणि तो शिरूरच्या मुलाला एका वाचनांत कळेल अशा मराठींत. ज्या पुण्यांत १९८८ सालीं सी-डॅकची स्थापना होऊन भारतीय लिपि संगणकावर आणण्याचें मोठें काम झालें, तेथून हे दोन्ही तालुके कांहीं दूर नाहींत.

तोंवर ॲप करणाऱ्यानें निदान एक महिना स्वतःचा फोन मराठींत ठेवून पाहावा. आणि ॲप लोकांच्या हातीं देण्यापूर्वीं त्यांत आपल्या हातानें सहा गोष्टी लिहून पाहाव्यात : शिरूर, दौंड, सिद्धटेक, कऱ्हा, ॲप आणि १२.५. प्रत्येक अँड्रॉइडवरून लिहावी, आयफोनवर वाचावी. मग उलट करावें. आणि शेवटीं जुन्यांत जुना जो फोन घरांत पडला असेल, त्यावर.