ट्रिनिटी नदीच्या वाट्याचे पाणी



उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगराळ मुलखातून वाहत येऊन क्लॅमथ नदीस मिळणाऱ्या ट्रिनिटी नदीच्या काठी हूपा ही आदिवासी जमात पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहे, आणि समुद्रातून प्रवाहाविरुद्ध चढून येणारा सामन मासा हे तिचे अन्न आहे, तसाच तो तिच्या धर्मजीवनाचा आधारही आहे. १९५५ साली अमेरिकन काँग्रेसने या नदीवर धरणे बांधण्यास मंजुरी दिली; ती चालू झाल्यावर पहिल्या दशकात लुइस्टन येथील धरणापाशी येणारे सुमारे नऊ दशांश पाणी बोगद्यावाटे सॅक्रामेंटोच्या खोऱ्याकडे वळविले गेले. पुराचा जोर ओसरताच वाळुंजाची झुडपे पात्राच्या कडेपर्यंत उतरली, त्यांच्या मुळांत वाळू अडकून दोन्ही काठांना उंच बांध तयार झाले, आणि माशांची पिले ज्या उथळ, संथ पाण्यात वाढत ते पाणीच नाहीसे झाले.

नदीला किती पाणी हवे, याची चौकशी करण्याचा हुकूम १९८१ मध्ये सुटला. १९९२ च्या कायद्याने ती पुरी करण्यास फर्मावून असे ठरविले की, तिच्या शिफारशींना सरकारचे मंत्री व हूपा जमात या दोघांची सहमती मिळाल्यास त्याप्रमाणे पाणी सोडले जावे. जमातीचा शब्द नुसत्या मसलतीपुरता राहिला नाही, त्याला कायद्याचे वजन आले. जून १९९९ चा अहवाल संघसरकारच्या वन्यजीव खात्याने व जमातीने मिळून सादर केला. नदीत येणाऱ्या पाण्याच्या प्रमाणानुसार वर्षांचे पाच वर्ग पाडून, अतिशुष्क वर्षी ३,६९,००० एकर-फूट, तर अतिवृष्टीच्या वर्षी ८,१५,००० एकर-फूट पाणी सोडावे, आणि कोवळी रोपे उपटली जाऊन तळाचे गोटे हलतील इतका वेग वसंतात प्रवाहाला द्यावा, असे त्यात सुचविले होते. डिसेंबर २००० मध्ये जमातीच्या सहमतीने तसा निर्णय झाला, आणि त्याविरुद्धच्या दाव्यात २००४ साली अपील न्यायालयाने तो कायम केला.

ज्याचा हितसंबंध गुंतलेला आहे त्याला संशोधनात बसविल्यास सत्य झुकेल, अशी शंका पुष्कळांना येते. परंतु पाणी वापरणारा शेतकरी, वीज विकणारे खाते, धरणाचा कारभार पाहणारा अधिकारी, यांपैकी कोणीही या प्रश्नात तटस्थ नाही. मग काठावर राहणाऱ्यालाच तेवढे बाहेर ठेवण्यात न्याय कोणता? सर्वांची मोजमापे त्रयस्थ तज्ज्ञांपुढे ठेवून त्यांची कसून तपासणी करविणे, हाच खरा उपाय होय. ट्रिनिटीच्या निर्णयात तशी तजवीज आहे: आठ सभासदांच्या व्यवस्थापन मंडळावर हूपा व युरोक या दोन्ही जमातींना जागा आहेत, शास्त्रीय कामाची स्वतंत्र तज्ज्ञांकडून छाननी होते, आणि अनुभवाला अनुसरून दर वर्षी प्रवाहाचे वेळापत्रक आखले जाते.

भागीदारीवाचून केलेली तपासणी लोकांना परकी वाटते, आणि तपासणीवाचून केलेली भागीदारी न्यायालयात टिकत नाही. म्हणून नद्यांचे पाणी मुक्रर करणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, काठावरच्या आदिवासींना अहवाल तयार झाल्यावर बोलावू नका. मोजणीच्या पहिल्या दिवसापासून त्यांना बरोबरीने घ्या.