सुट्टी, इतिहास आणि वर्गातील पडदा

(सुवर्ण महोत्सवानिमित्त आयोजित व्याख्यानाची संहिता)



सुवर्ण महोत्सवानिमित्त विद्यार्थ्यांकडून निबंध मागविण्यात आले होते. त्यांतील इयत्ता नववीच्या एका विद्यार्थ्याचा निबंध हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. त्याला बक्षीस मिळाले की नाही, हा प्रश्न गौण आहे. सायखेड्यात वाढणाऱ्या या मुलाने शाळेची सुट्टी, इतिहासाचे पुस्तक आणि वर्गातील डिजिटल फळा या तीन गोष्टींचा एकत्र विचार केला आहे, आणि शेवटी मोठ्यांकडे एक मागणी केली आहे. ती मागणी या सभेपुढे ठेवणे आवश्यक वाटते.

प्रथम सुट्टीविषयी. दिवाळीची सुट्टी कशासाठी, असा प्रश्न वर्गात निघाला, तेव्हा बहुतेकांचे उत्तर होते : सहामाही परीक्षा संपली म्हणून. या मुलाला निराळे उत्तर ठाऊक होते. आश्विन अमावास्या हा भगवान महावीरांचा निर्वाणदिन. परंतु हे त्याला पुस्तकातून नव्हे, तर घरच्या वहीपूजनाच्या वेळी समजले. नव्या वहीच्या पहिल्या पानावर वीर निर्वाण संवत २५५१, विक्रम संवत २०८१ आणि सन २०२४ असे तीन आकडे आजोबांनी कुंकवाने लिहिले. मुलाने वजाबाकी केली. इसवी सन आणि वीर संवत यांत ५२७ वर्षांचे अंतर आले. दोन संवतांमध्ये ४७० वर्षांचे. निर्वाणानंतर ४७० वर्षांनी विक्रम संवत सुरू झाला, असे जैन परंपरा सांगते. ज्या आकड्याचे पाठांतर इतरांना करावे लागते, तो या मुलाला वहीच्या पानावर स्वतःच गवसला! व्यापाऱ्याच्या घरातील एक रिवाज इतिहासाच्या तासाचे काम करून गेला.

या दिवसाचा अलीकडचा इतिहासही मुलांच्या कानांवर जावयास हवा. १९७४ साली निर्वाणाची २५०० वर्षे देशभर साजरी झाली. आचार्य विनोबा भावे यांच्या प्रेरणेने जैनांच्या सर्व संप्रदायांना मान्य होईल असा ७५६ गाथांचा ‘समणसुत्तं’ हा ग्रंथ त्याच सुमारास सिद्ध झाला. महाराष्ट्रात जन्मलेल्या या संताने अखेरीस अन्नपाणी व औषध सोडून पवनार येथे १५ नोव्हेंबर १९८२ रोजी देह ठेवला. तो दिवस दिवाळीचा, निर्वाणाचा होता. ही गोष्ट ऐकल्यावर कोणता विद्यार्थी दिवाळीच्या सुट्टीला निव्वळ सुट्टी म्हणेल?

आता वर्गातील पडद्याविषयी. ही पिढी मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा अगदी लहान होती. घरात एकच मोबाईल. तो वडील दुकानात घेऊन गेले की शाळाही दुकानात गेली, असे हा मुलगा लिहितो. हसू येते, पण त्यात बोचही आहे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापण्याची त्यांची कल्पना पुढे राज्यभर पोहोचली. पुरस्काराची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. अपरिग्रहावर प्रवचने ऐकणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे.

डिजिटल फळ्यावर या मुलाने वेरूळची इंद्रसभा, म्हणजे बत्तीस क्रमांकाचे लेणे, पाहिले. छताचे कोरीवकाम इतके जवळून दिसले की आता सहलीची गरज उरली नाही, असे त्याने लिहून टाकले आहे. येथे मात्र त्याच्याशी सहमत होता येत नाही. आपल्याच जिल्ह्यात मनमाडजवळ अंकाई-टंकाईच्या डोंगरात जैन लेणी आहेत, चांदवडच्या डोंगरातही आहेत. उन्हातून चढून अंकाईच्या लेण्यात शिरले की प्रथम काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे लागते; मग अंबिकेची मूर्ती हळूहळू पुढे येते. पडदा हे थांबणे शिकवीत नाही. सुट्टी असते ती याचसाठी, आणि पालकांनी ती केवळ शिकवणीच्या वर्गांत संपवू नये.

निबंधाचा खरा गाभा मात्र शेवटच्या पानावर आहे. वेरूळ पडद्यावर सापडते. सायखेड्यातले स्थानक कोणी बांधले, पहिला चातुर्मास कोणाचा झाला, हे कोठेही सापडत नाही. त्याने आजोबांना विचारले. आजोबांनी दुसऱ्या एका आजोबांचे नाव सांगितले. ते दोन वर्षांपूर्वी निवर्तले होते.

संस्थेच्या पन्नास वर्षांची इतिवृत्ते, पावत्यांच्या स्थळप्रती, चातुर्मासाच्या निमंत्रणपत्रिका, छायाचित्रे हे सारे कपाटात आहे. घराघरांच्या माळ्यावर त्याहून जुन्या रोजकीर्दी आणि खतावण्या आहेत. काही मोडी लिपीत, काही महाजनीत. गाव गोदावरीच्या काठी आहे. २०१६ आणि २०१९ या दोन्ही वर्षी ऑगस्टच्या पुराचे पाणी सायखेडा-चांदोरीत शिरले होते, हे येथे बसलेल्यांना सांगावयास नको. भिजलेली वही वाळविता येते. फुटलेली शाई परत येत नाही. इतिहासाचार्य राजवाडे दप्तरांसाठी गावोगाव हिंडले, जुने कागद मागत दारोदार फिरले, म्हणून १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापून निघू शकली. आज तसे हिंडावयाचीही गरज नाही. कागद घरात आहे आणि त्याचे छायाचित्र काढणारे यंत्र मुलाच्या खिशात आहे.

विद्यार्थ्याची मागणी एवढीच आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत त्याला व त्याच्या चार मित्रांना आठ दिवस ते कपाट उघडून मिळावे. प्रत्येक पानाचे छायाचित्र ते घेतील. शेजारी मोडी वाचू शकणारे एक ज्येष्ठ बसावेत. ते वाचतील, मुले ऐकून लिहून घेतील.

सुवर्ण महोत्सवाच्या निधीतून शाळेला आणखी एक डिजिटल फळा द्यावा, अशी सूचना पुढे आली आहे. ती चांगलीच आहे. पण फळ्याच्या खरेदीला दिवाळीनंतरही वेळ आहे. मोडी वाचणारे हात आता गावात थोडे उरले आहेत आणि त्या हातांचे वय ऐंशीच्या घरात आहे. तेव्हा विश्वस्तांनी आजच्या सभेनंतर कपाटाची किल्ली सध्या कोणाकडे आहे, एवढे प्रथम पाहावे.

जय जिनेंद्र.