परमुलखातील छावणी आणि तेथला वसंत

(वाचनालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मराठीच्या अध्यापकाने अशा प्रसंगी संतवाङ्मयावर किंवा नाट्यवाङ्मयावर बोलावे असा आपल्याकडे संकेत आहे. विषयाची निवड कार्यवाहांनी माझ्यावरच सोपविली, तेव्हा हा संकेत थोडा मोडण्याची मोकळीक मी घेतली आहे. माझ्या विषयाचे मूळ मात्र याच वास्तूत आहे. आत शिरल्यावर उजव्या हाताला जे प्रवासवर्णनांचे कपाट आहे, त्यातील पुस्तके मी विद्यार्थिदशेपासून वाचीत आलो. त्यांत इंग्लंड आहे, युरोप आहे, जपानही आहे. लिहिणारे बहुधा विद्वान, वकील, डॉक्टर किंवा पदरी पैसा असलेले हौशी प्रवासी. परंतु आपल्या सीमाभागातून समुद्रापार गेलेल्या माणसांचा हिशेब मांडला, तर त्यांतला फार मोठा भाग अंगावर गणवेश चढवून गेला. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून बेळगावात आहे. तेथून निघालेले लोक आफ्रिकेच्या वाळवंटात, इटलीच्या डोंगरांत आणि ब्रह्मदेशाच्या जंगलात पोचले. त्या कपाटात त्यांचे एकही पुस्तक नाही. त्यांनी लिहिले नाही, आणि आपणही त्यांना कोणी विचारले नाही.

आज मी त्या मोठ्या इतिहासातला एक लहानसा आणि वरवर पाहता अगदी बिनमहत्त्वाचा तुकडा उचलणार आहे. १९४६ आणि १९४७ या दोन वर्षांत जपानात छावणी करून राहिलेल्या आपल्या लोकांनी तेथला वसंत कसा पाहिला, एवढाच प्रश्न आहे. लढाईची वर्णने आपण ऐकतो. लढाई संपल्यावर रविवारच्या दिवशी शिपाई कुठे फिरायला जातो, हे सहसा ऐकायला मिळत नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. २ सप्टेंबर १९४५ रोजी जपानने शरणागतीच्या दस्तऐवजावर सह्या केल्या. मुख्य ताबा अमेरिकेचा. पण १९४६ च्या आरंभी ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि हिंदुस्थान यांचे एक संयुक्त सैन्य पश्चिम जपानात उतरले. भरतीच्या वेळी त्याची संख्या सुमारे ४० हजार होती. कुरे हे त्याचे बंदर. त्यातील ब्रिटिश-हिंदी डिव्हिजनचे ठाणे ओकायामा या शहरी होते आणि तिच्यात २६८ वी हिंदी ब्रिगेड होती. ब्रिगेडिअर थिमय्या, म्हणजे पुढे १९५७ साली आपले लष्करप्रमुख झालेले कोडगूचे थिमय्या, हे तिचे प्रमुख. या ब्रिगेडमध्ये एक पंजाबी पलटण होती, एक गुरखा पलटण होती आणि तिसरी आपली, मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली, जिला आपण जंगी पलटण म्हणून ओळखतो.

या पलटणीचे दोन एप्रिल शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. ९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनियो नदीच्या बांधावर याच पलटणीच्या शिपाई नामदेव जाधव यांनी जखमी सोबत्यांना माऱ्यातून उचलून आणले, शत्रूच्या मशीनगनची ठाणी मोडली आणि व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला. पुढचा एप्रिल जपानात. बंदुका तेल लावून ठेवलेल्या, जपानी सैन्याने रिकाम्या केलेल्या बराकींत मुक्काम, काम काय तर पहारा, गस्त आणि उरलेला शस्त्रसाठा नष्ट करणे. बाहेर चेरीच्या झाडांवर फुले.

त्या वेळी मायदेशी काय चालले होते याचेही स्मरण असू द्यावे. लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवर नोव्हेंबर १९४५ पासून खटले चालले. फेब्रुवारी १९४६ मध्ये मुंबईत आरमाराच्या खलाशांनी उठाव केला. ज्या जपानच्या साहाय्याने नेताजींची सेना उभी राहिली, त्याच जपानवर ताबा ठेवण्यासाठी आपली माणसे इंग्रजांच्या बाजूने जात होती. जेता म्हणून जाणारा शिपाई स्वतः पारतंत्र्यातला होता. ही गाठ त्या मंडळींच्या मनात किती घट्ट बसली होती, हे कागदोपत्री फारसे सापडत नाही.

माझ्या आजोबांचे धाकटे बंधू या पलटणीत होते. आम्ही त्यांना आबा म्हणत असू. खानापूर तालुक्यातील आमच्या गावी निवृत्तीनंतर ते शेती करीत. इटलीविषयी ते बोलत नसत. जपानविषयी मात्र पावसाळ्यात, कामे उरकल्यावर, बोलत. मी आज जे खासगी तपशील सांगणार आहे ते त्यांच्या तोंडून ऐकलेले आहेत. बाकीचे ग्रंथांतून ताडून घेतले आहेत.

चेरीचे फूल, ज्याला जपानी लोक साकुरा म्हणतात, त्याविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आज जपानात जी जात सर्वत्र दिसते ती सोमेई योशिनो. एदो काळाच्या अखेरीस, आजच्या तोकियोत समाविष्ट झालेल्या सोमेई या खेड्यातील माळ्यांनी ती प्रचारात आणली. ती बीजापासून वाढवीत नाहीत; कलमे करतात. त्यामुळे देशभरची ही सारी झाडे वस्तुतः एकाच झाडाच्या फांद्या म्हणाव्या लागतात, आणि म्हणूनच एका गावातली सगळी झाडे एकदम फुलतात आणि आठदहा दिवसांत एकदम झडतात. पश्चिम जपानात हा काळ मार्चअखेर ते एप्रिलचा आरंभ. पाने नंतर येतात. आबा सांगत, ‘‘आपल्या पांगाऱ्यागत रे. पान नाही, नुसतं फूल.’’ शिमग्याच्या सुमारास आपल्या रानात पळस, पांगारा आणि काटेसावर असेच निष्पर्ण अंगाने पेटतात. फरक एवढाच की आपण त्यांच्याखाली सतरंजी टाकून बसत नाही. जपानी माणूस बसतो. त्या बसण्याला हानामी असे नाव आहे. ‘हाना’ म्हणजे फूल, ‘मी’ म्हणजे पाहणे. शेकडो वर्षांची ही रीत. आधी दरबारी लोकांची, मग शहरांतील कारागीर-व्यापाऱ्यांची.

युद्धकाळात राज्यकर्त्यांनी हेच फूल राबवून घेतले. झडणारी पाकळी म्हणजे सम्राटासाठी मरणारा सैनिक, असे मुलांना शिकविले गेले. १९४५ साली आत्मघाती वैमानिकांना ज्या उडत्या बॉम्बमध्ये बसवून सोडले, त्याचे नाव ‘ओका’, म्हणजे चेरीचे फूल. तेव्हा १९४६ चा वसंत हा त्या फुलाच्या दृष्टीनेही पहिलाच मोकळा वसंत होता. ते पाहण्यासाठी बाहेर पडलेली माणसे उपाशी होती. तांदळाचा तुटवडा इतका की त्याच वर्षी १९ मे रोजी तोकियोत राजवाड्यासमोर अन्नासाठी प्रचंड मोर्चा निघाला.

छावणीतून रविवारी ट्रक निघत. ओकायामाला कोराकुएन नावाचे उद्यान आहे. तेथील सरदार इकेदा त्सुनामासा यांनी १६८७ ते १७०० या काळात ते घडविले. कानाझावा आणि मितो येथील उद्यानांसह जपानच्या तीन श्रेष्ठ उद्यानांत त्याची गणना होते. हिरवळ मोठी, पाणी वळणावळणाने खेळविलेले, आणि आसाही नदीच्या पलीकडे काळा किल्ला. काळ्या रंगामुळे त्याला कावळ्याचा किल्ला म्हणत. आपल्या लोकांनी तो किल्ला पाहिला नाही. २९ जून १९४५ च्या हवाई हल्ल्यात शहराबरोबर त्याचा मुख्य मनोरा जळाला होता. आज दिसतो तो १९६६ साली पुन्हा बांधलेला. उद्यानात पूर्वापार करकोचे पाळलेले असत, तेही युद्धाच्या काळात नाहीसे झाले. तरुणपणी ओकायामात शिकलेले चिनी साहित्यिक कुओ मोरुओ यांनी १९५६ साली तेथे पुन्हा दोन करकोचे पाठविले. चीनने जपानचा किती छळ सोसला हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या दोन पक्ष्यांची किंमत वेगळी सांगायला नको.

फिरण्याला एक मोठी अट होती. जपानी लोकांशी मिसळायचे नाही, त्यांच्या घरात पाऊल टाकायचे नाही, असा संयुक्त सैन्याचा हुकूम होता. अमेरिकनांच्या मानाने तो पुष्कळ कडक होता. हुकूम काढणाऱ्यांची बाजूही समजण्यासारखी आहे: जपान्यांच्या बंदिवासात हाल सोसलेले सोबती अनेकांच्या डोळ्यांपुढे होते. पण फुले पाहण्याच्या दिवशी हा हुकूम कसा पाळायचा? झाडे सर्वांची, सावली सर्वांची.

आबांनी सांगितलेली हकीकत अशी. नदीकाठी झाडांखाली चटया टाकून कुटुंबे बसली होती. फडक्यांत उकडलेली रताळी. यांचा ट्रक थांबला आणि दहाबारा शिपाई उतरले, तेव्हा एका म्हाताऱ्याने चटई गोळा करून यांना जागा करून दिली आणि कमरेत वाकून उभा राहिला. यांना बसताही येईना, बसा म्हणताही येईना. लंगरातून पुऱ्या आणि बटाट्याची भाजी बांधून आणलेली होती. ती समोर सोडवण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. हवालदार म्हणाला, ‘‘चला रे, पुढं बघू.’’ मग ट्रकचे मागचे पडदे सोडून आत अंधारात सगळ्यांनी पुऱ्या खाल्ल्या. पुढच्या वर्षी, १९४७ च्या वसंतात, सुभेदारसाहेबांनी तोंडी सांगून ठेवले की सहलीला निघायचे ते छावणीत जेवूनच निघायचे. बरोबर फक्त पाण्याच्या बाटल्या. सरकारी दप्तरात या सूचनेची नोंद नसणार. माझ्या मते त्या दोन वर्षांतले आपल्या माणसांचे वर्तन जाणून घ्यायचे तर ही सूचना अनेक हुकुमांहून उपयोगी आहे.

मियाजिमा बेटावर ते नावेने गेले. भरतीच्या वेळी समुद्रात उभे दिसणारे इत्सुकुशिमा मंदिराचे लाकडी तोरणद्वार त्यांनी पाहिले, माणसांना न भिणारी हरणे पाहिली. देवस्थान म्हटल्यावर कित्येकांनी बूट काढले आणि मग इतर कोणी काढत नाही असे पाहून पुन्हा घातले. आबा हे हसत सांगत.

इवाकुनी येथे निशिकी नदीवर किंताई नावाचा पाच कमानींचा लाकडी पूल आहे. १६७३ साली बांधलेला पूल पुढच्याच वर्षी पुराने नेला. पायांची बांधणी सुधारून तो लगेच पुन्हा उभारला आणि वेळोवेळी लाकूड बदलीत २७५ वर्षांहून अधिक काळ टिकविला. काठावर चेरीच्या रांगा. त्या पुलापुढे आबा आणि त्यांचे दोन सोबती उभे असलेले एक छायाचित्र आमच्या घरी आहे. तिघेही ताठ, मागे फुललेली फांदी अर्धवट आली आहे. पाठीमागे शिसपेनने ‘पूल, जपान’ एवढेच लिहिले आहे. सप्टेंबर १९५० च्या वादळी पुरात तो पूल वाहून गेला आणि १९५३ साली पूर्वीच्याच घडणीने नवा झाला. म्हणजे छायाचित्रातला पूल जुना आहे.

त्या इवाकुनीला आज अमेरिकन मरीन सैन्याचा मोठा हवाई तळ आहे. तेथील सैनिक बायकामुलांसह राहतात, वसंतात याच पुलाशी फराळाचे डबे घेऊन बसतात, शेजारी जपानी कुटुंबे असतात. आणि एके दिवशी तळाची दारे गावासाठी उघडण्याची प्रथा आहे. १९४७ च्या मध्यापासून ऑस्ट्रेलियन सैनिकांची कुटुंबेही कुरेजवळ वसविण्यात आली. घरची माणसे बरोबर असली की परक्या देशातल्या छावणीचे गाव बनते. आपले लोक एकटे होते. मुलाबाळांना दाखवावे असे काही दिसले, तर ते मनात साठवून पुढे सांगणे एवढेच हाती होते.

कुरेपासून हिरोशिमा जवळ. तिकडेही ट्रक जात. त्याला सहल म्हणणे जिवावर येते. त्या प्रवासाविषयी आबा एकच वाक्य बोलत: ‘‘तिथं कण्हेर होती.’’ मला हे बरेच दिवस कळले नव्हते. पुढे वाचनात आले की ६ ऑगस्ट १९४५ नंतर तेथे प्रथम फुललेले झाड कण्हेरीचे, असे ते शहर मानते. १९७३ साली कण्हेर हे हिरोशिमाचे अधिकृत फूल ठरविण्यात आले. आबांना ही माहिती असण्याचे कारण नव्हते. देवपूजेला परसातून जे फूल आपण रोज तोडतो ते तेथे दिसले, एवढेच त्यांनी लक्षात ठेवले होते.

१९४७ सालातच हिंदी सैन्य जपानातून परत निघाले. गेले तेव्हा ते ब्रिटिश हिंदुस्थानचे होते. उतरले तो देश स्वतंत्र आणि विभागलेला होता. पंजाबी पलटण पाकिस्तानच्या वाट्याला गेली. ओकायामाच्या झाडांखाली एकत्र फिरलेल्या माणसांनी पुढे काश्मीरच्या बर्फात एकमेकांविरुद्ध उभ्या ठाकलेल्या सैन्यांत नोकरी केली.

सभासदांना माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी माळ्यावर पत्र्याची ट्रंक असेल, तिच्यावर पलटणीचा क्रमांक रंगविलेला असेल. आत पत्रे, पासबुके, फोटो असतील. वाळवी लागण्यापूर्वी ती एकदा उघडावी, आणि जे देता येईल ते येथे आणून द्यावे. मूळ द्यायचे नसेल तर नक्कल करून घेण्याची व्यवस्था ग्रंथपालांनी मान्य केली आहे. किंताई पुलाचे ते छायाचित्र मी आजच त्यांच्याकडे दिले आहे. खाली वाचनकक्षात टेबलावर ठेवले आहे. पाठीमागचा मजकूर पुसट झाला आहे, तेव्हा हाताळताना कडा धरून हाताळावे.