पुराचे पाणी आणि घरातील कागद

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व शिक्षक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पूर म्हटला की आपण प्रथम माणसांचा, मग गुरांचा आणि घरादाराचा विचार करतो. तो तसाच करावयास हवा. परंतु आज मी आपल्यापुढे एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूविषयी बोलणार आहे. ती वस्तू म्हणजे घरातील कागद. पाणी ओसरल्यावर भांडी धुता येतात, भिंतींना पुन्हा चुना लावता येतो. पण मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला चिखलात गेला, तर तिच्या प्रवेशाचे दिवस कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवण्यात जातात.

कोकणातील आपले पुष्कळसे मोहल्ले खाडीच्या काठी वसलेले आहेत. गलबतांचा व्यापार होता तेव्हा ती सोय होती. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या. घाटमाथ्यावर पाऊस कोसळला की काही तासांत पाणी खाली येते, आणि त्याच वेळी समुद्राला भरती असली तर खाडी ते पोटात घेत नाही. मग ते बाजारपेठेत शिरते. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, हे सर्वांच्या स्मरणात आहे. त्याच दिवसांत महाड आणि चिपळूणही बुडाले होते. २०२१ साली बकरी ईद २१ जुलैला होती. त्या रात्री वाशिष्ठी चढत गेली आणि २२ तारखेला चिपळूण शहर पाण्याखाली होते. पौर्णिमा जवळ आलेली, म्हणजे भरतीही मोठी. ईदच्या रात्री पलंगाखालची ट्रंक वर चढवावी, हे कोणाच्या मनात येणार?

आपण म्हणाल, कागद माळ्यावर ठेवले की झाले. पुरापुरते ते खरे. पण ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा घरांची कौले आणि पत्रे उडाले आणि पाणी खालून न येता वरून आले. तेव्हा नुसती उंची पुरत नाही. कागद जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात, आणि तो डबा एका हाताने उचलता येईल एवढाच, असे हवे. लोखंडी कपाट हे चोरासाठी ठीक. पाणी त्याच्या फटींतून खुशाल आत जाते आणि फुगलेले कागद खणात असे बसतात की ओढूनही निघत नाहीत.

पूर ओसरला की तलाठी पंचनाम्याला येतात. मदतीची रक्कम बँकेच्या खात्यात जमा होते. त्यासाठी पासबुक हवे, आधार हवे, घर कोणाच्या नावावर आहे ते दाखवावे लागते. म्हणजे ज्याचे कागद वाहून गेले, त्यालाच आधी कागद मागितले जातात. यावर रागावणे सोपे आहे. परंतु कचेरीतला माणूस कागदाशिवाय पैसे देऊ लागला तर ते कोणाकोणाच्या हाती जातील, हेही आपण जाणतो.

आता जरा घरातले बोलू. आपली अनेक कर्ती माणसे कुवेत, मस्कत, कतार येथे नोकरीस आहेत. गावी राहतात वृद्ध आईवडील, सून आणि मुले. कागद कोठे आहेत हे त्या सुनेला ठाऊक असते काय? बहुधा नसते. सातबारा सासऱ्यांच्या पेटीत, पेटीची किल्ली सासूबाईंच्या कमरेला, विम्याची पॉलिसी धन्याने कोठे ठेवली ती त्यालाच माहीत. आणि तिचा स्वतःचा निकाहनामा? मेहेरचा उल्लेख ज्या कागदावर आहे, तो कागद तिच्या ताब्यात असावा, ही अपेक्षा काही फार मोठी नाही. पाणी अंगणात आले असता परदेशी फोन लावून किल्ली विचारण्याची वेळ तिच्यावर येऊ नये. जमातीच्या दप्तरात निकाहाची नोंद असते हे खरे, पण ते दप्तर ठेवलेली खोलीही खाडीकाठीच असते.

कुरआन शरीफमधील सर्वांत लांब आयत कोणत्या विषयावर आहे, हे मुलांना विचारून पाहा. सूरह बकरातील ती आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा आणि त्यास साक्षीदार घ्यावेत, याविषयी आहे. कागद जपणे ही केवळ दुनियादारी आहे असे समजणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

प्रत्येक कागदाचे मोबाईलवर छायाचित्र काढून ते परगावच्या एका नातलगाकडे पाठवून ठेवा. डिजीलॉकरमध्येही कागद ठेवता येतात. मात्र छायाचित्रावर सर्व कामे होत नाहीत. मूळ प्रत सांभाळावीच लागते.

इतके करूनही कागद भिजले तर? येथे घाई नुकसान करते. एकमेकांस चिकटलेले ओले कागद ओढू नका. इस्त्री फिरवू नका, कडक उन्हात टाकू नका. कागद वेडावाकडा होतो आणि शाई उडते. चिखल असेल तर तो सुकण्यापूर्वी स्वच्छ पाण्यात हलकेच धरून काढावा, पण हे फक्त छापील किंवा बॉलपेनच्या कागदाचे. टाकाच्या किंवा दौतीच्या शाईने लिहिलेला कागद पाण्यात पुन्हा घालूच नये, त्यावर टीपकागद ठेवावा. मग पंख्याच्या वाऱ्यात, सावलीत सुकवावे. आपल्या दमट हवेत दोन दिवसांत बुरशी धरते. एवढ्यात सारे सुकवणे शक्य नसेल, तर कागद पिशवीत घालून बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही आणि पुढे थोडेथोडे काढून सुकवता येतात. इटलीत फ्लॉरेन्स शहरी नोव्हेंबर १९६६ मध्ये आर्नो नदीचा पूर राष्ट्रीय ग्रंथालयात शिरला. भिजलेली पुस्तके कशी वाचवावीत, याचे पुष्कळसे ज्ञान जगाने तेथील कामातून मिळवले. आपल्याकडे बंदरोबंदरी मासळीची शीतगृहे आहेत. कागदाला थोडा वास लागेल, पण अक्षर राहील.

शेवटी शिक्षकवर्गास एक विनंती. घरचा दाखला गेला तर शाळा दुय्यम प्रत देते, ती जनरल रजिस्टरवरून. पन्नास वर्षांपूर्वी शिकलेल्या माणसाच्या जन्मतारखेचा पुरावा अनेकदा त्याच एका ओळीत असतो. हे रजिस्टर तळमजल्यावर, कार्यालयातील कपाटाच्या खालच्या खणात असते, कारण ते जड असते आणि शिपायाला वाकणे बरे पडते. आपल्या संस्थेच्या ज्या शाळा खाडीजवळ आहेत, तेथे २०२१ च्या पाण्याची खूण भिंतीवर कोठवर होती ते गावकऱ्यांना विचारून घ्या. रजिस्टरे त्याच्या वर न्या, पानापानाची छायाचित्रे काढून एक संच संस्थेकडे आणि एक दुसऱ्या गावी ठेवा. दोन शिक्षक आणि चार मोठे विद्यार्थी असतील तर हे काम उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकेल. मिरगाच्या आधी ते व्हावे.