दहा दारे आणि एक मूल



साहित्य, इतिहास, राजकारण अशा विषयांच्या पंक्तीत एका घरगुती विषयाला चालकांनी पाट मांडला, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. घरगुती एवढ्यासाठी म्हणतो, की डाउन सिंड्रोम असलेले मूल ज्या घरात जन्मते, त्या घराच्या उंबऱ्याबाहेर हा विषय सहसा येत नाही. तो बाहेर यावा, हाच आजच्या बोलण्याचा हेतू.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. जॉन लँग्डन डाउन या इंग्रज डॉक्टरांनी १८६६ साली या मुलांचे वर्णन केले. कारण कळण्यास मात्र १९५९ साल उजाडावे लागले. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात. यातील बहुतेक मुलांत ती ४७ असतात. एकविसाव्या गुणसूत्राच्या दोन प्रतींऐवजी तीन. सुमारे ७०० ते ८०० जन्मांमागे असे एक मूल असते. यात ग्रहणाचा दोष नाही, पूर्वजन्मीच्या पापाचा नाही, आणि आईच्या वागण्याचा तर मुळीच नाही. सुनेला बोल लावणाऱ्यांनी एवढे ऐकले तरी पुष्कळ झाले.

हे एक जादा गुणसूत्र शरीरात अनेक ठिकाणी आपली खूण ठेवते. जवळजवळ निम्म्या मुलांच्या हृदयात जन्मतः दोष असतो. कान, डोळे, थायरॉइड, मानेचे मणके, झोपेतील श्वास, सगळ्यांकडेच लक्ष ठेवावे लागते. मग आई कागदांची पिशवी घेऊन दहा दारे हिंडते. प्रत्येक दाराआडचा डॉक्टर आपापल्या परीने जाणता असतो. पण तो आपल्या वाट्याचा अवयव पाहतो. सबंध मूल पाहणारा कोण?

हा प्रश्न शोभेचा नाही. चार वर्षांचे मूल बोलत नाही. लोक म्हणतात, ‘बुद्धीच मंद, बोलणार कसे?’ तपासावे तर कानाच्या पडद्यामागे पाणी साचलेले. विशीतला तरुण सुस्त होतो, जाड होतो. ‘ही मुले अशीच,’ म्हणून आपण मोकळे होतो. त्याला कदाचित रोजची एक थायरॉइडची गोळीच हवी असते! हृदयाच्या कप्प्यांमधले मोठे छिद्र साधारणपणे पहिल्या सहा महिन्यांच्या सुमारास शिवावे लागते. फार उशीर झाला, तर फुप्फुसांतील रक्तदाब कायमचा वाढतो आणि शस्त्रक्रियेची वाट बंद होते. ‘ही मुले अशीच’ या तीन शब्दांनी किती नुकसान केले असेल!

उपाय अवघड नाही. एका बालरोगतज्ज्ञाने सूत्रे हाती घ्यावीत. जन्मतःच हृदयाची, कानांची व थायरॉइडची तपासणी, पहिल्या महिन्यांपासून व्यायामोपचार, पुढे दरवर्षी ठरलेल्या चाचण्या, आणि हे सारे एकाच वहीत. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत २०१३ पासून हा विकार आहे. त्यासाठी जिल्हा पातळीवर केंद्रे योजलेली आहेत. आपल्या जिल्ह्याचे केंद्र कोठे आहे, तेथे कोण बसते, हे विचारण्याचा अधिकार आपणा नागरिकांचा आहे.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेत १९८३ साली या माणसांचे सरासरी आयुष्य सुमारे २५ वर्षे होते. आज ते साठीच्या घरात गेले आहे. हृदयावरील शस्त्रक्रियांचा त्यात मोठा वाटा. पण मुले दीर्घायुषी झाली, तसा आईबापांच्या उराशी नवा प्रश्न आला: आमच्यामागे याचे काय? १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढासाठी कायदेशीर पालक नेमता येतो. कायदा पालक देतो, हे खरे. पण त्याला नावाने हाक मारणारे शेजारी, त्याला काम देणारा दुकानदार, त्याच्यासाठी वेळ काढणारी भावंडे कायद्याने मिळत नाहीत.

म्हणून आपणाकडे मागणे थोडेच आहे. अशा घरी जाल तेव्हा हळहळू नका. बारशाला जा, पेढे मागा. त्या आईला विचारा, ‘पुढची तपासणी कधी? मी बरोबर येऊ का?’ दहा दारे तिला हिंडावी लागतीलच. निदान तिने ती एकटीने हिंडू नयेत.