सूचनेला वाट द्या



परीक्षेच्या खोलीत पर्यवेक्षक बाकांमधून फेऱ्या घालतात. त्यांनी काही सांगितलं, की शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जातं. २०२० साली करोनाच्या साथीत कॉलेजं बंद पडली आणि महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी अंतिम वर्षाच्या बऱ्याच परीक्षा संगणकावरून घेतल्या. कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली, घरबसल्या द्यायची परीक्षा तेव्हापासून पुष्कळांच्या ओळखीची झाली. इथं पर्यवेक्षक दूर कुठंतरी बसलेला असतो. 'ओळखपत्र पुन्हा दाखवा', 'कॅमेऱ्यासमोर नीट बसा' हे तो पडद्यावर लिहून कळवतो. काही परीक्षांत ही चिठ्ठी ब्राउझरच्या सूचनेतून, म्हणजे नोटिफिकेशनमधून येते. ती दिसलीच नाही, तर प्रामाणिक मुलावरही संशय यायचा!

ब्राउझर म्हणजे संकेतस्थळं उघडून दाखवणारा प्रोग्राम. तो देवडीवरच्या पहारेकऱ्यासारखा असतो. तुमच्या परवानगीवाचून कोणाचीही चिठ्ठी तो आत येऊ देत नाही. आणि एखाद्या संकेतस्थळाला तुम्ही एकदा 'नाही' म्हटलंत, की ते आपण होऊन पुन्हा विचारू शकत नाही. मग काय करावे?

क्रोम ब्राउझरमध्ये परीक्षेचं संकेतस्थळ उघडा. वरच्या पट्टीत, पत्त्याच्या डाव्या बाजूला एक बारीकसं चिन्ह असतं. पूर्वी तिथं कुलूप असे, २०२३ पासून दोन आडव्या सरकपट्ट्या दिसतात. ते दाबून 'साइट सेटिंग्ज'मध्ये जा. 'नोटिफिकेशन्स'पुढे 'अलाऊ' निवडा आणि पान पुन्हा लोड करा. 'इन्कॉग्निटो' खिडकीत मात्र ह्या सूचना येत नाहीत, हे ध्यानात असू द्या.

एवढ्यानं काम पुरं झालं असं समजू नका. विंडोज ही दुसरी देवडी आहे. तिच्या 'सेटिंग्ज'मध्ये 'सिस्टिम' आणि त्यात 'नोटिफिकेशन्स' उघडून क्रोमच्या सूचना चालू आहेत ना, ते पाहा. विंडोज ११ वर 'डू नॉट डिस्टर्ब' बंद ठेवा. विंडोज १० वर ह्यालाच 'फोकस असिस्ट' म्हणतात.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती आहे. ज्या संगणकावर परीक्षा द्यायची, त्याच संगणकावर हे सारं दोन दिवस आधी मुलांकडून करवून घ्या. घड्याळ सुरू झाल्यावर सेटिंग शोधत बसलं, तर अभ्यास केलेलंही विसरायला होतं. परीक्षा घेणाऱ्यांच्या लेखी सूचना आधी वाचा. त्या वेगळं सांगत असतील, तर त्याच पाळा. इतर संकेतस्थळं आणि गप्पांचे प्रोग्राम बंद ठेवा, नाहीतर भलत्याच चिठ्ठ्या पडद्यावर यायच्या.

शेवटी एक इशारा. 'तुम्ही यंत्र नाही हे सिद्ध करा, अलाऊ दाबा' असं सांगणारी लबाड संकेतस्थळं पुष्कळ आहेत. ती नंतर जाहिरातींचा आणि खोट्या धमक्यांचा मारा करतात. म्हणून दार उघडायचं ते ओळखीच्या पाहुण्यापुरतंच. परीक्षा संपली, की त्याच ठिकाणी जाऊन ती परवानगीही काढून घ्या.